जळगावला मे महिन्यात काय घालावं

४ मार्च २००७, रवि.
उरायासुला जाऊन आलो. लग्नाचं दुसऱ्यांदा विचारलं. ठरलं होतं ते असं: युकोने (यापुढे यु., रोज एवढं लिहायचा कंटाळा) आधी दोन वाक्यं बोलायची, मग मी पाठ केलेली चार, मग दोघांनी एकदम वाकायचं. मी तिसऱ्या वाक्यालाच वाकलो. समोर तिचे वडील, इशिदा-सान, ताठ बसलेले. मध्ये शिंपल्यांचं सूप निवत चाललेलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिकडे गरम असतं ना?"
"हो."
"हं."
संपलं! मग बातम्या लावल्या.
स्टेशनवर यु. म्हणाली, "नाही म्हणाले नाहीत." मी म्हटलं, हो तरी कुठे म्हणाले? तर म्हणे, तीन वर्षं जपानमध्ये राहून काय शिकलास.
तिकडे आईने ६ मे धरलाय. पुढे अधिक महिना, मग पाऊस, मग चातुर्मास, म्हणजे थेट तुळशीचं लग्न. इकडे यु.चं म्हणणं पक्कं आहे. तिची आई जाऊन पाच वर्षं झाली, ही एकुलती एक. बाबा आले नाहीत तर ती मांडवात उभी राहणार नाही. जबरदस्ती पण करणार नाही. म्हणजे सगळं त्या "हं"वर.

७ मार्च, बुध.
टपालपेटीत पोस्टकार्ड. इ-सानचं! उभ्या ओळीत, सुंदर अक्षरात, एकच प्रश्न: "तिथे सर्वांत जास्त तापमान किती?"
माझ्या फुनाबोरीहून त्यांचं उरायासु सायकलने पाऊण तास. घरात फोन आहे. यु. म्हणते, महत्त्वाचं असेल ते बाबा पोस्टकार्डावरच लिहितात.
लगेच उत्तर टाकलं: जळगाव, मे महिना, ४५ अंश.
ऑफिसात जोगळेकरला सांगितलं (शेजारची खुर्ची, पुण्याचा, सल्ल्याला कमी नाही). त्याने कपाळावर हात मारला. "गाढवा, अडतीस सांगायचं! सासरा पळवलास." मला खोटं सुचलंच नाही.

१० मार्च, शनि.
दुसरं पोस्टकार्ड: "बूट की चपला?"
हे वाचून घरातल्या घरात उडी मारली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला काठी ठोकली. खिडकीतून सॉरी म्हटलं.
उत्तर: चपला. मांडवात तर पायात काहीच नको.
संध्याकाळी आईचा फोन. "मुलीकडचे किती धरू?"
"एक. कदाचित."
"कदाचित एक म्हणजे किती पानं रे?"

१७ मार्च, शनि.
या आठवड्यात तीन कार्डं. "पाणी उकळून प्यायचं का?" "टोपी कशी?" "रात्री पांघरूण लागतं का?" शेवटच्यावर मी आणि जोगळेकर ऑफिसात इतके हसलो की मॅनेजर उठून आले. जळगावला मेमध्ये पांघरूण! आम्ही गच्चीवर पाणी मारून झोपतो आणि तरी पहाटेपर्यंत गादी तव्यासारखी.
मी उत्साहाच्या भरात सगळंच लिहून पाठवलं. पन्हं, सब्जा, वाळ्याचा कूलर, दुपारी बाहेर पडायचं नाही, पडलंच तर खिशात कांदा. यु.ने जपानी तपासून दिलं. कांद्यापाशी थांबली. "खायचा?" "नाही, नुसता ठेवायचा." तिने माझ्याकडे बघितलं आणि तसंच लिहिलं.
आणि बातमी! इ-सान पासपोर्टच्या अर्जाला फोटो काढून आले. सहासष्ट वर्षांत पहिला पासपोर्ट. यु.ने कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "असावा घरात."

२१ मार्च, बुध. सुटी
आज इथे कबरींना जायचा दिवस. यु.च्या आईकडे मलाही नेलं. नेलं, हेच मोठं. इ-सानने बादलीभर पाणी घालून दगड धुतला, घासला, कोपरे टॉवेलने टिपले. यु. फुलं लावत होती. मी अगरबत्ती पेटवली, तेवढं मला येतं.
ऊन चांगलं होतं. एकदम मला म्हणाले, "डोक्याला कसं बांधतात ते दाखव." त्यांच्याकडचा लांबट सुती रुमाल घेतला, तेनुगुई म्हणतात तो. शेतावर मामा बांधतो तसा कानांवरून फिरवून मागे गाठ मारून दाखवला. त्यांनी सोडला आणि स्वतःच्या डोक्याला बांधला, दोन झटक्यांत. जवळजवळ तसाच! तरुणपणी हे शिंपले काढायचे खाडीत, दिवसभर उन्हात. नंतर समुद्रात भराव पडला, बोटी गेल्या, हे नगरपालिकेच्या पाणीखात्यात लागले. ऊन काय असतं ते यांना मी सांगत होतो!
दोघं एकसारखे रुमाल बांधून कबरीपुढे उभे. यु.ने फोटो काढला. फार बरं वाटलं आज. फारच.

१ एप्रिल, रवि.
त्यांनी मला सेन्तोत नेलं. गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर, म्हातारे सगळे ओळखीचे. तीन हौद. तिसऱ्यापाशी लाल आकडा: ४४.
"एक कमी आहे," इ-सान म्हणाले आणि गळ्यापर्यंत उतरले.
तेव्हा ट्यूब पेटली. गडी प्रॅक्टिस करतोय! रोज येतात म्हणे, दर दिवशी एक मिनिट वाढवत. मी वीस सेकंदांत बाहेर. हौदातले म्हातारे म्हणाले, हा गरम देशाचा? इ-सान डोळे मिटून म्हणाले, "याच्या देशात कोरडं असतं." माझी बाजू घेतली!

८ एप्रिल, रवि.
यु. वैतागली आहे. भर दुपारी बाबा हिवाळ्याचं जाड जाकीट घालून नदीकाठाने चालतात. शेजारच्या काकूंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, वडील बरे आहेत ना, डोक्याने वगैरे? तिने सांगितलं, भारतात जायचंय. काकू म्हणाल्या, ठरलं का मग लग्न? ती म्हणाली, ते माहीत नाही.
खरंच माहीत नाही. अजून तोंडातून एक अक्षर नाही.
आजचं कार्ड: "तुमच्या गल्लीत घरं किती?"
का, ते कळलं नाही. बोटांवर मोजली. चौदा. लिहून टाकलं.

१४ एप्रिल, शनि.
उरायासु. आतल्या खोलीत लाकडी दांडीवर काळा रेशमी पोशाख पसरून वाऱ्याला लावलेला. पाठीवर, बाह्यांवर, छातीवर घराण्याची पांढरी खूण, सगळ्या मिळून पाच. इ-सान म्हणाले, "लग्नाला हा." लग्नाला! पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून.
मी घाईघाईने समजावलं. म्हटलं, नको हो, एवढ्या उन्हात जीव जाईल. शिवाय आमच्यात लग्नाला काळं नसतं चालत, अशुभ मानतात. मी पांढरा सुती कुडता आणतो तुमच्यासाठी, एकदम हलका, पाहुण्यांसाठी तोच बरा.
"असं का," म्हणाले. पोशाख उतरवला, घड्या घातल्या. कागदात गुंडाळून ठेवला. चहा झाला.
एकंदरीत छान हाताळलं. येताना त्यांच्या मापाच्या कुडत्याचा विचार करत सायकल मारली. आई-अण्णांना सांगायचं, अण्णांच्या शिंप्याकडे टाका म्हणून.

१५ एप्रिल, रवि.
मी महामूर्ख आहे.
यु.चा सकाळी फोन. आवाज गार. "तू बाबांना पाहुणा म्हणून या म्हणालास?"
म्हटलं, उन्हासाठी बोललो गं, काळजीने बोललो. ती म्हणाली, तो पोशाख बाप मुलीच्या लग्नात घालतो. आई होती तोवर दरवर्षी ती काढायची, वाळवायची, घडी घालायची. पाच वर्षांत बाबांनी काल पहिल्यांदा काढला, एकट्याने. दोन तास गाठी सोडवत बसले होते दोऱ्यांच्या. "आणि तू म्हणालास अशुभ."
म्हणजे त्यांनी परवानगी दिलीच होती. तोंडाने नाही, दांडीवर टांगून दिली होती. मी ती उतरवायला लावली.
रात्रीचं जेवलो नाही. कुकर लावलेला तसाच आहे.

१८ एप्रिल, बुध.
टपालपेटीत पिझ्झ्याची जाहिरात आणि कचऱ्याचं नवं वेळापत्रक. कार्ड नाही, चौथा दिवस.
व्हिसाचा अर्ज त्यांच्या टेबलावर कोरा पडलाय. यु. म्हणते, रागावले नाहीत. सेन्तोला जायचे थांबलेत एवढंच. तीन तिकिटं धरून ठेवलीत, २ मेची. जोगळेकर म्हणाला, एक सोडून दे आता. त्याच्याशी बोललो नाही दिवसभर.

२० एप्रिल, शुक्र.
आईला फोन केला. सगळं सांगून टाकलं, माझ्या अकलेसकट.
"काळं?" आई म्हणाली. मग: "संक्रांतीला नव्या नवरीला काळंच नेसवतो ना आपण? हलव्याचे दागिने घालून मिरवतो. तेव्हा चालतं, मग आता काबरं नाही चालणार?"
"आई, संक्रांत जानेवारीत असते."
"मला नको पंचांग शिकवू."
मागून अण्णा ओरडले. त्यांची जळगाव कोर्टात बत्तीस वर्षं वकिली झाली. "त्याला म्हणावं, मी एप्रिलच्या उन्हात काय घालून जातो रोज?" फोन ओढून घेतला. "हे बघ मंदार, त्यांना सांग, तुमचं काळं आणा. मी माझा काळा कोट चढवतो आणि शेजारी उभा राहतो. शिजलो तर दोघं शिजू. माणूस मुलगी घेऊन एवढ्या लांब येतो आणि तू त्याला कपडे काय सांगतोस?"
आई मागून: "आणि भाऊजी, मामा काय म्हणतील ते मी बघते. त्यांची काळजी करू नका."
फोन ठेवल्यावर रडलो. असे आईबाप आहेत माझे आणि मी त्यांच्या नावावर काळं चालत नाही म्हणून सांगत सुटलो होतो. विचारलं होतं का त्यांना? कोणालाच नव्हतं विचारलं.

२२ एप्रिल, रवि.
पोस्टकार्ड टाकणार होतो, मग वाटलं हे तोंडानेच बोलायला हवं. सायकल काढली.
इ-सान मागच्या दारी नळाचा वॉशर बदलत होते. मी पाठ केलेलं काहीच नव्हतं. उभ्याउभ्या बोलत गेलो. व्याकरणाचे बारा वाजले असणार. म्हटलं, मी विचारायला हवं होतं, मी सांगत बसलो. चूक माझी. आईवडील म्हणतात, तोच पोशाख आणा. मग अण्णांचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. "शिजू"ला जपानी सुचेना, "उकडलेल्या भाजीसारखे होऊ" असं काहीतरी म्हणालो.
पाना हातात तसाच. "वडील वकील?"
"हो."
"कोट कशाचा?"
"लोकरीचा. थोडं टेरिलिन."
"पंचेचाळीस अंशांत?"
"बत्तीस वर्षं."
आणि इ-सान हसले! आवाज करून, दात दिसेपर्यंत. मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. यु. स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून.
मग आत गेले आणि दुसरी गुंडाळी घेऊन आले. उलगडली. तसाच काळा, त्याच पाच खुणा, पण असा विरळ विणलेला की पलीकडचा हात दिसावा. "उन्हाळी," म्हणाले. "माझ्या वडिलांचा. समुद्रावरच्या लोकांना उन्हाळ्यातही लग्नं करावी लागतात." एवढं लांब वाक्य ते माझ्याशी आजवर बोलले नव्हते.
जेवून जा म्हणाले. जेवताना विचारलं, व्हिसाला फोटो कुठल्या मापाचा. यु.ने माझ्या पायावर पाय दिला. दुखलं, पण ओरडलो नाही. शिंपल्यांचं सूप तीन वाट्या प्यायलो.

२७ एप्रिल, शुक्र.
व्हिसा मिळाला!! जोगळेकरने सगळ्या मजल्याला आइस्क्रीम वाटलं. माफ केलं त्याला.

२९ एप्रिल, रवि.
बॅगा आजच गेल्या. कुरिअरवाला घरून उचलतो आणि त्या थेट नारिता विमानतळाच्या काउंटरवर भेटतात. म्हणजे तीन दिवस आधी बॅग बंद, मग काही आठवलं तरी रडत बसा. मी माझी बॅग अर्ध्या तासात भरली. इ-सानची सकाळी आठपासून चालली होती. सगळं सामान आधी चटईवर रांगेत मांडलेलं, माझ्या कार्डांचा गठ्ठा बाजूला, एकेक वस्तू कार्डाशी ताडून आत.
कपाळाला चिकटवायच्या गार पट्ट्यांची सहा पाकिटं. मिठाच्या गोळ्या. हाताला चढवायच्या बाह्या. चपलांचे दोन जोड. खारवलेल्या आलुबुखाराची बरणी, ती अण्णांसाठी. कोर्टात घाम येऊन मीठ जातं म्हणे. आणि लोकरी बनियन! मी विचारलं, हे कशाला? "तुम्ही लोक फार गरम होतं म्हणून खोली फार थंड करत असाल तर." आमचा कूलर त्या योग्यतेचा नाही हे सांगितलं नाही. आता सांगण्यापेक्षा विचारण्यावर भर आहे माझा.
तळाशी दोन कांदे. धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून.
"इशिदा-सान, कांदे तिकडे मिळतात."
"पोचेपर्यंत लागले तर?"
यु.ने तोंडावर उशी घेतली. शेवटी विमानात भाजीपाला नेता येत नाही असं तिने समजावलं, तेव्हा काढले. नाराज होते.
मग आतून एक खोका आणला. त्यात पांढऱ्या कागदात गुंडाळलेले टॉवेल, प्रत्येकावर छापलेलं "इशिदा". मी मोजले नाहीत, त्यांनीच सांगितलं. "चौदा. मुलगी राहायला जाते तिथल्या शेजाऱ्यांना बापाने द्यायचे असतात. इकडे कमी होत चाललंय."
यु. तिथे राहायला जाणार नाही, आम्ही दोघं इथेच राहणार, हे त्यांना ठाऊक आहे. तरी. आमच्या गल्लीतली चौदा घरं! त्या जाधव काकू, तो सायकलवाला, वरच्या मजल्यावरचे रिटायर मास्तर, सगळ्यांना एकेक टॉवेल. मी गॅलरीत जाऊन उगाच नदी बघितली. फार प्रेम वाटलं त्या माणसाचं.
पोशाख मात्र बॅगेत नाही घातला. हातात घेऊन येणार. कुरिअरवाल्याने बॅग उचलून बघितली, "जड आहे" म्हणाला. इ-सान म्हणाले, "गरम देश आहे."
यु.ला जिन्यात हळूच म्हटलं, अजून ते एकदाही हो म्हणालेले नाहीत, लक्षात आलंय ना? ती म्हणाली, खबरदार विचारलंस तर.

२ मे, बुध. विमानात
तीन सीट. खिडकीला यु., झोपलेली. मध्ये इ-सान, ताठ, पट्टा उड्डाणापासून सोडलेलाच नाही, मांडीवर ती काळी गुंडाळी. हवाई सुंदरीने वर ठेवू का विचारलं, नाही म्हणाले. जेवणात दाल मिळाली, संपवली. "सूप चांगलं आहे."
मघाशी उतरण्याची कार्डं वाटली. इंग्रजीत आहेत म्हणून त्यांनी आपलं माझ्याकडे सरकवलं, मग विचार बदलून परत घेतलं. तू वाच, मी भरतो. माझं पेन घेतलं. नाव, पासपोर्ट नंबर, एकेक अक्षर चौकोनात, बाहेर रेघ नाही. भारतातला पत्ता: आमचा, जळगावचा. तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला, गल्लीच्या नावासकट.
मग, येण्याचं कारण. मी वाचत गेलो: पर्यटन, व्यवसाय, मित्र किंवा नातेवाईक, इतर.
"पुन्हा वाच."
वाचलं.
"मित्र आणि नातेवाईक एकाच चौकोनात?"
"हो, तसंच छापलंय."
"हे बरोबर नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."
मला यु.चं ते खबरदार आठवलं. त्यांनी कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं. तो एक चौकोन सोडून खालची सगळी माहिती भरली. सहीसुद्धा केली.
"किती वेळ आहे उतरायला?"
"चार तास."
"हं," म्हणाले, आणि कार्ड पासपोर्टमध्ये ठेवलं.
झोपलेले नाहीत. समोरच्या सीटकडे बघतायत. पेन त्यांच्या हातातच आहे, मागावंसं वाटत नाही. हे मी यु.च्या पर्समधल्या पेन्सिलीने लिहितोय.